जुन्या मासिकातला सिंथेसायझर आज बांधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलावर ‘फॉर्मंट’ नावाचा सिंथेसायझर आहे. पूर्ण झालाय असं म्हणवत नाही. तीन ऑसिलेटर, दोन फिल्टर आणि वाऱ्यासारखा सूंऽऽ करणारा नॉइजचा बोर्ड एवढं वाजतं. उजवीकडचे दोन खण अजून पुठ्ठ्याने झाकलेले आहेत. बघायला येणारे साधारण तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. ओहमचा नियम माहीत आहे आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं आहे, एवढं गृहीत धरलंय.

फॉर्मंट म्हणजे नेमकं काय?

एलेक्टॉर या मूळच्या डच मासिकाच्या इंग्रजी आवृत्तीत १९७७ पासून क्रमशः छापून आलेला सिंथेसायझरचा आराखडा. तो सी. चॅपमन यांचा. पुढे त्याचं पुस्तकही निघालं. मोड्यूलर आहे, म्हणजे सूर निर्माण करणारा ऑसिलेटर, त्याचा रंग ठरवणारा फिल्टर, आवाज उघड-बंद करणारा व्हीसीए आणि त्या सगळ्यांना चढ-उतार देणारा एडीएसआर, प्रत्येकाचा बोर्ड वेगळा आणि पुढची पट्टी वेगळी. कीबोर्ड तीन सप्तकांचा. एका वेळी एकच सूर निघतो, त्यामुळे पेटीची अपेक्षा ठेवू नका. हे बासरीच्या जातीचं वाद्य आहे.

फॉर्मंटच का? दुसरे आराखडे नाहीत का?

भरपूर आहेत. तयार सिंथेसायझर सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होते, तेव्हा ही जागा छंदवाल्यांच्या मासिकांनी भरून काढली. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये वायरलेस वर्ल्ड आणि प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स या दोघांनीही सिंथेसायझर छापले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या इलेक्ट्रॉनिक्स टुडे इंटरनॅशनलने ४६०० नावाचा अवाढव्य प्रकार दिला. अमेरिकेत ओक्लाहोमातली पाया ही कंपनी सुट्या भागांचे संच टपालाने घरी पाठवायची. १९७८ चा ट्रान्सेंडंट २००० हा टिम ऑर यांचा. जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडच्या बर्नार्ड समनरने तोच संच आणून स्वतः जोडला होता.

मी फॉर्मंट घेतला तो दोन कारणांनी. एक, प्रत्येक बोर्ड एकटा चालतो, त्यामुळे एक बांधा, वाजवा, मग दुसऱ्याकडे वळा. ४६०० मध्ये बरंच काही जोडल्याशिवाय पहिला सूर ऐकू येत नाही, आणि तोवर माणसाचा उत्साह मावळतो. दुसरं, लेखात ‘हा भाग इथे का’ हे समजावलेलं आहे. पन्नास वर्षांपूर्वीचं सर्किट आज बांधताना निम्मे भाग बदलावेच लागतात, आणि भाग कशासाठी होता हे कळल्याशिवाय तो बदलता येत नाही.

आपल्याकडचं विचाराल, तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्येच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह स्टुडिओ उभा केला होता. पण तो संस्थेचा. घरी बांधणाऱ्यांसाठी एलेक्टॉरची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघायची ती ऐंशीच्या दशकात. माझी या नावाशी पहिली ओळख रद्दीत मिळालेल्या तशाच एका अंकामुळे झाली.

सुरुवात कुठून करू? ऑसिलेटरपासून?

नाही. पॉवर सप्लायपासून. कंटाळवाणं वाटतं, पण पुढच्या प्रत्येक बोर्डाचा सूर या व्होल्टेजवर उभा असतो.

फॉर्मंटला अधिक १५, उणे १५ आणि ५ व्होल्ट लागतात. १५-०-१५ चा, एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर कुठेही मिळतो. त्याचे १५ व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की साधारण २० व्होल्ट डीसी होतात, म्हणजे ७८१५ आणि ७९१५ या रेग्युलेटरना पुरेसा वाव राहतो. मूळ आराखड्यातली रेग्युलेटरची मांडणी जुनी आहे. ती सोडून हे तीन पायांचे रेग्युलेटर वापरले तर कोणी रागावणार नाही.

आता माझा गाढवपणा सांगतो. ७८१५ च्या पाठीचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो. ७९१५ दिसायला त्याचा जुळा भाऊ, पण त्याच्या पाठीचा पत्रा म्हणजे त्याचा इनपुट, उणे २० व्होल्ट. मी दोघांना एकाच हीटसिंकवर, मध्ये अभ्रकाचा वॉशर न घालता स्क्रूने आवळलं. फ्यूज उडाला. फ्यूजच हलका असेल असं समजून जाड घातला, तोही उडाला. तिसऱ्या वेळी ट्रान्सफॉर्मरने वास दिला तेव्हा डोकं चालवलं. पायांचा क्रमही दोघांचा वेगळा आहे: ७८१५ मध्ये इनपुट-ग्राउंड-आउटपुट, ७९१५ मध्ये ग्राउंड-इनपुट-आउटपुट. डेटाशीट बघून कागदावर काढा आणि मगच सोल्डर करा.

२३० व्होल्टची बाजू पूर्ण झाकलेली हवी, फ्यूज आणि अर्थिंगसकट. त्याबाबतीत मात्र ‘नंतर करू’ नको.

यादीत टीयूएन, टीयूपी, डीयूएस असे भाग आहेत. दुकानदार नाही म्हणतो.

तो बरोबर आहे, असा भागच नसतो. ही एलेक्टॉरची त्या काळची सांकेतिक भाषा. टीयूएन म्हणजे कुठलाही साधा एनपीएन ट्रान्झिस्टर, टीयूपी म्हणजे कुठलाही साधा पीएनपी, डीयूएस म्हणजे साधा सिलिकॉन डायोड आणि डीयूजी म्हणजे जर्मेनियम डायोड. बीसी ५४७, बीसी ५५७ आणि १एन४१४८ घेऊन या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मुठीने मिळतात. मीही पहिल्यांदा काउंटरवर ‘टीयूएन आहे का’ विचारलं होतं. गल्ल्यावरचे काका आत जाऊन शोधून आले बिचारे.

एक सावधगिरी. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अमेरिकन २एन३९०४ मध्ये हा क्रम बरोबर उलटा. अमेरिकन आराखडा बांधताना बोर्डावर आपला ट्रान्झिस्टर तसाच खुपसला की तो थोडाफार चालतोही, आणि हेच वाईट, कारण चूक सापडत नाही.

यूए ७२६ ही चिप मिळत नाही किंवा भयंकर महाग आहे. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा बैजवार सांगतो.

कीबोर्डाकडून येणारं व्होल्टेज सरळ रेषेत वाढतं: दर सप्तकाला एक व्होल्ट. सूर तसा वाढत नाही. दर सप्तकाला कंपनं दुप्पट होतात. हा हिशेब जुळवायला ट्रान्झिस्टरचा एक जन्मजात गुण वापरतात. त्याच्या बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज खोलीच्या तापमानाला १८ मिलिव्होल्टने वाढवलं की करंट दुप्पट होतो. म्हणजे १ व्होल्टचे १८ मिलिव्होल्ट करून ट्रान्झिस्टरला दिले की सप्तक मिळालं. सुंदर युक्ती आहे.

गोम अशी, की त्याच ट्रान्झिस्टरचं हे व्होल्टेज तापमान एक अंशाने वाढलं की सुमारे २ मिलिव्होल्टने सरकतं. १८ मिलिव्होल्टला बारा अर्धस्वर, तर २ मिलिव्होल्टला एकाहून थोडा जास्त. एक अंशाला सव्वा अर्धस्वर! सकाळी लावलेला सा दुपारी पंखा बंद केला की कोमल रिषभाच्याही पलीकडे. म्हणून एकट्या ट्रान्झिस्टरऐवजी अगदी सारख्या दोघांची जोडी घेतात. दोघे सारखेच सरकतात आणि सरकणं एकमेकांत वजा होतं. पण यानेही सगळं मिटत नाही. ते १८ मिलिव्होल्ट स्वतःच तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्यांनी बदलतात. आधाराच्या सुरापासून तीन सप्तकं वर गेलात तर दर अंशाला साधारण १२ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर).

७२६ ही या दोन्हींवरची तोड होती. जुळ्या ट्रान्झिस्टरच्या शेजारी, त्याच सिलिकॉनवर एक हीटर, जो चिपला कायम एकाच तापमानाला तापवून ठेवतो. आता ते उत्पादन बंद झालंय आणि उरलेला साठा विकणारे वाट्टेल तो भाव लावतात. पर्याय असे:

जुळवलेली जोडी आणि दर अंशाला ३३०० पीपीएमने, म्हणजे ०.३३ टक्क्यांनी वाढणारा, १ किलोओहमचा खास रेझिस्टर. हा रेझिस्टर जोडीला चिकटून बसला पाहिजे, दोन इंच लांब नव्हे. तो मिळाला नाही तर पीटी १००० हा प्लॅटिनम सेन्सर घ्या. तो ३८५० पीपीएमचा असतो. त्याच्या सिरीजमध्ये सत्तर-ऐंशी ओहम टाकले की खोलीच्या तापमानाला एकूण ३३०० च्या आसपास येतो. मी हेच केलंय.

सीए ३०४६ सारखी पाच ट्रान्झिस्टरची चिप. दोघांची जोडी, एक हीटर, एक थर्मामीटर: घरगुती ७२६. मजा येते, फक्त १३ नंबरचा पाय सर्वांत उणे व्होल्टेजला जोडायला विसरू नका.

तिसरा पर्याय म्हणजे हा सगळा भाग काढून एएस ३३४० ही अख्ख्या ऑसिलेटरची चिप लावणं. कर्टिस या अमेरिकन कंपनीच्या सीईएम ३३४० ची ही लाटव्हियात बनणारी आवृत्ती आहे. तापमानाचा बंदोबस्त आतच केलेला असतो. सूर घट्ट राहतो, काम एका दिवसात होतं. तो मग फॉर्मंट राहतो का, यावर रात्रभर वाद घालता येतो. माझ्या तिसऱ्या ऑसिलेटरमध्ये ३३४० आहे आणि डोळे मिटून कुठला कुठला ते मला ओळखता येत नाही.

जोडी जुळवायची कशी? महागडं यंत्र लागतं का?

साधा मल्टिमीटर पुरतो, ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा असेल तर उत्तम. एकाच पट्टीतले पन्नास बीसी ५४७ घ्या. प्रत्येकाचा बेस आणि कलेक्टर एकत्र जोडायचा, एमिटर ग्राउंडला आणि अधिक १५ व्होल्टपासून १०० किलोओहम. बेसवर ६०० मिलिव्होल्टच्या आसपास आकडा येईल. तो ट्रान्झिस्टर थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ठेवा, शेजारी पेनाने आकडा लिहा.

हे करताना हाताचं तापमान आडवं येतं. बोटात धरून लावलेला ट्रान्झिस्टर पहिल्यांदा कमी आकडा दाखवतो, मग मिनिटभर हळूहळू वर चढत राहतो. पहिल्या दिवशी मी चढता आकडाच लिहीत गेलो आणि सगळी यादी निकामी झाली. चिमट्याने उचला, पंखा बंद ठेवा, आकडा थांबेपर्यंत थांबा. आणि मधूनमधून पहिला ट्रान्झिस्टर पुन्हा लावून बघा. त्याचा आकडा बदलला असेल तर खोली तापलीय, पुन्हा सुरू करा. पन्नासात एक मिलिव्होल्टच्या आतल्या जोड्या सहज निघतात. सपाट बाजूंना फेव्हिक्विकचा थेंब लावून समोरासमोर चिकटवा आणि वरून हीटश्रिंक ओढा.

सीए ३०८० सुद्धा बंद झालीय ना?

हो. फिल्टर आणि व्हीसीएमध्ये ती लागते, कारण करंट बदलून तिची ताकद कमी-जास्त करता येते. तिच्या जागी एलएम १३७०० चालते. एका चिपमध्ये दोन मावतात. पाय जुळत नाहीत, म्हणून चिमुकला अडॅप्टर बोर्ड करावा लागतो. तिच्यातले जादाचे डायोड नुसते मोकळे सोडले की अर्धी १३७०० आणि एक ३०८० यांत व्यवहारात फरक उरत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘अस्सल जुन्या’ ३०८० पासून जपून. मी दहा मागवल्या होत्या. कापसावर अॅसिटोन घेऊन पाठ पुसली तर सगळ्यांचं नाव काळं होऊन कापसावर आलं. दहातल्या चारच चालल्या, त्याही कशाच्या होत्या देव जाणे.

७४१ काढून टीएल ०७१ लावू का?

दोन्ही ऑप-अँप, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या चिपा. आवाज ज्यातून जातो तिथे ०७१ लावा, खरखर कमी होते. एलएफओत, म्हणजे मंद लहर देणाऱ्या ऑसिलेटरमध्ये, ७४१ ला काही धाड भरत नाही. फक्त जुन्या आराखड्यात एलएफ ३५६ असेल आणि तिला ऑफसेटचा प्रीसेट (शून्य जुळवायचा, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) असेल तर थांबा. त्या प्रीसेटचं मधलं टोक अधिक व्होल्टला असतं. ०७१ ला ते उणे व्होल्टला लागतं.

पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड, कुठून आणू? मासिकाच्या पानावरून छापता येईल का?

येईल. मी पहिला बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये घरीच काढला आणि बाल्कनीतल्या फरशीवरचा पिवळा डाग आजही आहे. आता बहुतेक जण कॉम्प्युटरवर पुन्हा रेखाटून बोर्ड बाहेरून बनवून घेतात, ते बरं.

स्कॅनवरून थेट छापणार असाल तर आकार तपासा. चौदा पायांच्या चिपच्या एका बाजूला सात पाय, पहिल्या पायाच्या मध्यापासून सातव्यापर्यंत १५.२४ मिलिमीटर भरले पाहिजेत. प्रिंटर ‘पानात बसवा’ म्हणत गुपचूप तीन-चार टक्के कमी करतो आणि मग चाळीस पायांच्या कनेक्टरला भोकं जुळत नाहीत. दुसरं, चित्र तांब्याच्या बाजूने आहे की भागांच्या बाजूने, ते चिपच्या क्रमांकांवरून ओळखा. मासिकं या बाबतीत एकमेकांशी सहमत नव्हती.

स्वतःसाठी एक-दोन बोर्ड काढणं वेगळं आणि मासिकाचं ड्रॉइंग छापून विकणं वेगळं. दुसऱ्यात पडू नका.

एका सप्तकाला बरोबर एक व्होल्ट हे कसं लावायचं?

आधी यंत्र चालू करून अर्धा तास सोडून द्या. चहा प्या. थंड ऑसिलेटर लावणं म्हणजे ओल्या तबल्याला हातोडी मारणं.

मग फोनवरचा ट्यूनर काढा. शून्य व्होल्टला ऑसिलेटर ११० हर्ट्झवर आणा, मुख्य नॉबने. आता बरोबर एक व्होल्ट द्या. २२० यायला हवेत. २२४ आले तर सप्तक मोठं झालंय, स्केलचा प्रीसेट थोडा कमी करा. इथेच नवखे फसतात: प्रीसेट फिरवला की खालचा सूरही सरकतो. म्हणून पुन्हा शून्यावर या, नॉबने ११० करा, पुन्हा एक व्होल्ट. अशा सहा-सात फेऱ्या होतात. मग दोन व्होल्टला ४४०, तीनला ८८०. प्रीसेट वीस-पंचवीस फेऱ्यांचा हवा. तीन चतुर्थांश फेरीच्या स्वस्त प्रीसेटवर हा उद्योग करू नये.

खालची सप्तकं जुळली आणि वरची उतरत असतील तर स्केलला हात लावू नका. त्याचं कारण निराळं आहे. करवतीच्या दातासारखी लहर प्रत्येक वेळी शून्यावर यायला थोडा वेळ घेते, समजा एक मायक्रोसेकंद. हजार हर्ट्झला तो हजारात एक, कानाला कळत नाही. पाच हजारांला तो अर्धा टक्का, जवळजवळ नऊ सेंट. यासाठी आराखड्यात वेगळी दुरुस्ती असेल तर तीच वापरा.

ऑसिलेटरचा मुख्य कंडेन्सर मूळ यादीत पॉलिस्टायरीन आहे. चांगला असतो, पण सोल्डरच्या आचेने वितळतो. पाय चिमट्यात धरून डाग द्या. नाही मिळाला तर पॉलिप्रोपिलीन किंवा सी०जी जातीचा सिरॅमिक. हिरवा पॉलिएस्टर नको, तो तापमानाबरोबर सूर हलवतो.

पावसाळ्यात सूर घसरतो. मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. माझ्याकडे जुलैत सुरू झालं. पट्टी दाबून ठेवली तर सूर पक्का, सोडली की विरताना खाली खाली जायचा, दम लागलेल्या शहनाईसारखा. मे महिन्यात हेच यंत्र ठणठणीत होतं.

कीबोर्डामागे एक ‘धरून ठेवणारं’ सर्किट असतं. पट्टी सोडल्यावर शेवटचं व्होल्टेज एका कंडेन्सरवर साठवलेलं राहतं, त्यावरच विरणारा सूर चालतो. कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरड धरा, त्यावर ३ व्होल्ट. आता बोर्डावर सोल्डरचा फ्लक्स पुसायचा राहिलाय आणि त्याने हवेतली ओल धरलीय. त्यातून एक गिगाओहमची गळती झाली, म्हणजे हजार मेगाओहमची, जी साध्या मीटरला दिसतही नाही, तरी व्होल्टेज सेकंदाला ३० मिलिव्होल्टने उतरतं. सेकंदाला एक तृतीयांशाहून जास्त अर्धस्वर.

आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड दोन्ही बाजूंनी घासा, हेअर ड्रायरने सुकवा. माझं नव्वद टक्के काम तेवढ्यावर झालं. उरलेल्यासाठी या कंडेन्सरला जोडलेला चिपचा पाय बोर्डाच्या भोकात न घालता वर वाकवला आणि कंडेन्सर थेट हवेत जोडला. दिसायला गचाळ दिसतं. सूर मात्र हलत नाही.

कीबोर्ड कुठला वापरू?

मूळ पद्धतीत सारख्या किमतीच्या रेझिस्टरची साखळी असते. ३७ पट्ट्या, ३६ रेझिस्टर, दर पट्टीला ८३.३ मिलिव्होल्ट. एक टक्क्याचे रेझिस्टर लागतात आणि पट्ट्यांखालचे तारेचे संपर्क सतत काळे पडतात. मी ते वर्षभर पुसले आणि सोडून दिलं.

आता मिडीचा (दाबलेल्या पट्टीचा आकडा पाठवणारा) कुठलाही स्वस्त कीबोर्ड, आर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड आणि आकड्याचं व्होल्टेज करणारी एमसीपी ४८२२ ही चिप वापरतो. तिची एक पायरी बरोबर १ मिलिव्होल्टची आणि कमाल ४.०९५ व्होल्ट, म्हणजे चार सप्तकं. अर्धस्वराला ८३.३ च्या जागी ८३ किंवा ८४ पायऱ्या. चूक जास्तीत जास्त अर्ध्या मिलिव्होल्टची, ०.६ सेंट. कुणाच्या कानाला कळणार?

यावर आपलं संगीत वाजेल का?

वरच्या उत्तरातच सोय आहे. पेटीच्या पट्ट्यांवर गंधार अडकतो तसा इथे अडकत नाही. बारा स्वरांचा तक्ता तुमच्या हातात आहे. समान बारा भागांच्या हिशेबाने सापासून शुद्ध गंधार ३३३ मिलिव्होल्टवर. तानपुऱ्यातून ऐकू येणारा, पाच-चतुर्थांश पटीचा गंधार ३२२ वर. आकडा बदला आणि दुसऱ्या ऑसिलेटरवर सा धरून ऐका. दोघांमधली थरथर थांबते. हा एवढा एक क्षण कुणालाही दाखवला की तो विचारतो, मी बांधायला कधी घेऊ.

मींडेबद्दल मात्र जाहिरातीवर जाऊ नका. पोर्टामेंटोचा नॉब फिरवला की सूर घसरत जातो खरा, पण नेहमी एकाच चालीने: आधी झपकन, मग रेंगाळत. मींड अशी यंत्रवत नसते, गाणारा मध्ये कुठे थांबेल सांगता येत नाही. त्यासाठी कीबोर्ड सोडून पट्टीवर बोट सरकवायची सोय करा. रोधक पट्टी, दोन टोकांना स्थिर व्होल्टेज, बोट लागेल तिथलं व्होल्टेज ऑसिलेटरला. सतारीवर पडदे वर जाताना जवळ जवळ येतात. इथे सप्तकाला एक व्होल्ट असल्यामुळे सगळी सप्तकं सारख्याच लांबीची पडतात. हाताला सवय व्हायला आठवडा लागतो.

तानपुरा? दोन ऑसिलेटर किंचित बेसूर ठेवले की गुंजन येतं. जवारी येत नाही. मी बरेच महिने घालवलेत.

यूरोरॅकच्या खोक्यात बसवता येईल का?

यूरोरॅक म्हणजे आजच्या मोड्यूलर सिंथेसायझरचं प्रचलित माप. तिथे अधिक-उणे १२ व्होल्ट असतात. फिल्टर, व्हीसीए बहुधा चालून जातील. ऑसिलेटरमध्ये १५ व्होल्ट धरून काढलेले रेझिस्टर आहेत, ते पुन्हा मोजावे लागतील. मी वेगळं लाकडी खोकं केलं.

खर्च किती येतो?

चिप, रेझिस्टर, कंडेन्सर यांचा आकडा बघून लोक खूश होतात. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त पैसे जॅक, पॉट, नॉब, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि खोक्यावर गेलेत. पट्टीवरची अक्षरं छापून घेणं एका ऑसिलेटरपेक्षा महाग पडलं. पॉट स्वस्तातले घेऊ नका, सहा महिन्यांत खरखरतात आणि मग तो आवाज ‘अॅनालॉगचा गोडवा’ म्हणून खपवावा लागतो.

बोर्ड पूर्ण झाला, पण आवाजच नाही. आता?

चिपा काढा, सॉकेटमध्ये बसवल्या असतील अशी आशा आहे. नुसत्या बोर्डाला वीज देऊन प्रत्येक सॉकेटच्या वीजेच्या पायांवर अधिक १५ आणि उणे १५ येतात का बघा. मग चिपा एकेक करून घाला आणि हात लावून बघा कुठली तापते. तापणारी चिप बहुधा उलटी बसलेली असते. काही तापत नसेल तर छोटा अॅम्प्लिफायर घ्या, त्याच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि एक तार जोडा, आणि ऑसिलेटरच्या मुख्य कंडेन्सरपासून पुढे एकेक बिंदू ऐकत जा. आवाज जिथपर्यंत येतो तिथपर्यंत बोर्ड बरोबर आहे. माझ्या दुसऱ्या ऑसिलेटरचा आवाज शेवटच्या जॅकपर्यंत येऊन तिथे थांबत होता. जॅकची ग्राउंडची तार जोडायचीच राहिली होती. ती शोधायला दोन रविवार गेले.